तुझी बातमी मीच डिलीट केली, दिवाकरभाऊ

तू गेल्याची बातमी आपल्या ग्रुपवर आली ती तुझ्याच नंबरावरून, आणि ती मी डिलीट केली. नुसती डिलीट करून गप्प बसलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मी खाली लिहिलं, "पकडलं का नाई भाऊ? पास झालो ना?" आणि पुढे हसरे चेहरे टाकले. त्या वेळी चामोर्शीला तुझ्या अंगणात तिरडी बांधत होते.

गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावणार आहे. तू असतास तर फोन लावून रागावलो असतो आणि तू चक्कीच्या घरघरीत "का म्हणून राह्यला? जोरानं बोल!" करत निम्मं ऐकलंच नसतंस. आता चक्की बंद आहे. सगळं ऐकावं लागेल.

त्या दिवशी मी पहिल्या पाळीला होतो. माजरीच्या खाणीच्या वर्कशॉपमध्ये एका डंपरचं चाक उतरवून ठेवलेलं, चहा यायचा होता, हात ग्रीसनं भरलेले. करंगळीनं फोन उघडला. ग्रुपवर एक फोटो आलेला. फोटो आपोआप उतरू देऊ नको, कचरा कायले भरतं, असं तूच मला बजावलं होतंस, म्हणून तो नुसता धुरकट दिसत होता. कडेनं पिवळं-केशरी, मध्ये काहीतरी गोल. म्हणजे फुलं. वर नाव तुझं. मला हसूच आलं. म्हटलं, म्हाताऱ्यानं बऱ्याच दिवसांनी परीक्षा काढली.

ही परीक्षा तुझीच खोड. मला दुसरा ॲडमिन केलंस तेव्हापासून तू अधूनमधून स्वतःच ग्रुपवर एखादा गुलाब टाकायचास, खाली "शुभ सकाळ", आणि मी तो किती लवकर काढतो ते बघत बसायचास. उशीर झाला की फोन यायचा, "झोपला होता का बे?" तुझा नियम एकदम सोपा होता. फूल दिसलं की काढायचं. सूर्य उगवताना दिसला, काढायचा. हात जोडलेले दिसले, काढायचे. उघडून बघायचं नाही. मी उघडून बघितलं नाही, भाऊ. तुझा शहाणा विद्यार्थी निघालो मी. खूश?

"फक्त गरी" हे ग्रुपचं नावसुद्धा तुझंच. बाहेरचा कोणी विचारायचा, गरी म्हणजे काय हो? तू लिहायचास, "गळ." त्यापुढे एक अक्षर नाही. त्याआधीचा आपला ग्रुप कसा मेला ते आपण दोघांनी बघितलं होतं. हौशी मासे धरणाऱ्यांचा ग्रुप, पण त्यात मासा सोडून सगळं असायचं. मधुमेहावर कारल्याचा काढा, कुठल्या कुठल्या बाबांचे फोटो, निवडणुकीचे ढोल. शेवटी त्या निवडणुकीपायी दोन मेंबर चामोर्शीच्या आठवडी बाजारात, भाजीच्या पालांसमोर एकमेकांच्या अंगावर गेले. एकाच बोडीवर, एवढ्याशा तळ्यावर, शेजारी शेजारी बसून मासे धरणारी माणसं! तू त्या दिवशी घरी आलास, नवा ग्रुप काढलास आणि वर ठोकून दिलंस : "मासा, पाणी, गरी, चारा. बाकी सारं घरी."

तुझ्यासारखा खडूस ॲडमिन मी पाहिला नाही. मूल गावच्या मास्तरांनी मरळीच्या रश्शाची कृती टाकली, ती तू काढलीस. मास्तर चिडले. "अहो, मासाच आहे ना?" तू उत्तर दिलंस, "मासा पाण्याबाहेर आला की विषय संपला." भद्रावतीच्या एकानं पोरीच्या लग्नाची पत्रिका टाकली. शक्कल अशी केली की पत्रिकेच्या कोपऱ्यात रोहू छापून घेतला. तीसुद्धा तू काढलीस. आणि लग्नाला मात्र वहिनीला घेऊन, चक्कीला कुलूप लावून, नवा सदरा घालून हजर. पंगतीत वाढप्याला परत बोलावून जिलबी घेतलीस. मी विचारलं, पत्रिका डिलीट केली ना तुम्ही? तू म्हणालास, "ग्रुपवरून केली. पोटातून थोडी केली."

आणि ग्रुप चांगला चालला, हे मी नाकारत नाही. राग आहे म्हणून खोटं कशाला बोलू? सोमवारी सकाळी लोक टाकायचे, कुठल्या तलावात काय लागलं, कशावर लागलं. वितीपेक्षा लहान मासा परत पाण्यात सोडायचा, त्याचा फोटो टाकायचा नाही. ज्या तलावावर ढिवर भावांची संस्था आहे तिथे त्यांना विचारल्याशिवाय गरी टाकायची नाही, कारण आपली हौस आहे आणि त्यांचं पोट आहे, हे तू प्रत्येक नव्या मेंबरला फोन करून सांगायचास. पावसाळ्यात मासा अंड्यावर असतो, तेव्हा मासेमारीचं नावच नाही. तेव्हा ग्रुपवर फक्त पाण्याच्या बातम्या. कुठला सांडवा वाहतोय, कुठली पाळ, म्हणजे तलावाचा बांध, खचली, कुठे जायचं नाही. कोणी पाण्याचा प्रश्न विचारला की तू पीठ दळता दळता उत्तर द्यायचास. तुझी उत्तरं पांढऱ्या बोटांनी लिहिलेली असायची. तुझ्या फोनच्या काचेवर कायम पिठाचा थर असे.

हे सगळं मी मान्य करतो. पण कवडूचं मी मान्य केलेलं नाही, आणि आताही करणार नाही.

कवडूला ग्रुपमध्ये तूच आणलंस. आपल्यातला तो एकटाच असा, ज्याचं घर तलावावर चालतं. तुमच्या हौशी लोकांत मी काय करू, असं तो म्हणत होता. तू म्हणालास, तू शिकव, आम्ही ऐकू. त्यानं शिकवलंही. भरल्या पाण्यात मरळ कुठे दडते, कणकेत काय घालायचं, कुठल्या वाऱ्यात गरी टाकून फायदाच नसतो. मग एका सकाळी त्याचा मेसेज आला. सुरुवात अशी : "तातडीने रक्त पाहिजे." तू काढलास. त्यानं परत टाकला. तू परत काढलास, आणि वर लिहिलंस, "कवडूभाऊ, विषयाला धरून."

त्याची बायको गडचिरोलीच्या दवाखान्यात होती, दिवाकरभाऊ. तिला रक्त लागणार होतं. तू शेवटपर्यंत म्हणायचास की असे मेसेज शिळे असतात, वर्षानुवर्षं फिरतात, त्यातला नंबर लागतच नाही. खरं आहे. शंभरातले बहुतेक तसेच असतात. पण हा कवडूच्या नंबरावरून आला होता, ओळखीच्या माणसाचा होता, आणि त्याच्या खाली त्यानं आपल्या बायकोचं नाव लिहिलं होतं. ते वाचायला तो उघडावा लागत होता. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचा भाऊ पुढे आला म्हणून ती वाचली. कवडू ग्रुप सोडून गेला. 

त्यानंतरच्या रविवारी पाळीवर बसून मी तुझ्याशी भांडलो ते आठवतं ना?

"भाऊ, उघडून तं पाहाचं होतं."

"उघडत बसलो तं डिलीट होत नाई, मोऱ्या. उघडलं का जीव अडकते. मंग हे राहू दे, ते राहू दे. मंग तोच जुना ग्रुप."

"त्याची बायको होती!"

"मले काय माहीत?"

"तेच म्हणून राह्यलो मी. उघडलं असतं तं माहीत झालं असतं."

तू कणकेचा गोळा मळत राहिलास. चक्कीच्या झाडणीचं पीठ, त्यात जवसाची पेंड, थोडा गूळ. तुझ्या हाताचा चारा पाण्यात लवकर सुटत नसे. मग म्हणालास, "पाण्याकडं पाह्य. तरंगा हालून राह्यला." गरीच्या दोरीवरचा तरंगा हलत नव्हता. मीही बघत होतो. तू विषय बदललास. दुसऱ्याला विषय सोडू न देणारा तू, अडचण झाली की स्वतः खुशाल विषय सोडून पळायचास.

तू कवडूची माफी मागितली नाहीस. पुढे तू त्याच्या गावी जायला लागलास, त्याच्या शेजारी पाळीवर बसायला लागलास, त्याच्या घरी जेवलास. तो पाणी दाखवायचा, तू चारा न्यायचास. पण "चुकलं" हा शब्द तुझ्या तोंडून निघाला नाही. मी विचारलं की म्हणायचास, "पुढच्या इतवारी बोलू." घे आता. पुढचा इतवार आला आणि गेला.

तर मी तुझी फुलं काढून, "पास झालो ना" लिहून, चहा पिऊन, डंपरचं चाक चढवलं. दिवसभर तुझं उत्तर आलं नाही. मला वाटलं, हरल्यामुळे गप्प बसलास. दुसऱ्या दिवशी जेवून नुकताच उठलो होतो, तर कवडूचा फोन.

"मोरेश्वरभाऊ, तू आला नाई?"

"कुठी?"

 तो म्हणाला, "भाऊच्या मातीले."

"कोणाच्या?"

"दिवाकरभाऊच्या ना गा. काल झाली माती. मले वाटलं तू सगळ्याइच्या पयले येशील. काऊन नाई आला?"

मी कवडूवर ओरडलो. काल का फोन केला नाहीस म्हणून त्याच्यावर ओरडलो. तो बिचारा म्हणाला, "ग्रुपवर टाकलं म्हणे ना पोरीनं. म्या तं ग्रुपमधी नाई, मले बाजारात समजलं. मले वाटलं तुमाले साऱ्याइले समजलं असन." मग मी फोन कानाला तसाच ठेवून ग्रुप उघडला. तुझं नाव. त्याखाली, हा मेसेज ॲडमिनने डिलीट केला. त्याखाली मी, हसत.

चंद्रपूर, मूल, वैनगंगेचा पूल. गाडी कशी चालवली मला माहीत नाही. रस्ताभर मी तुलाच बोलत होतो. पुलावर एक ट्रकवाला माझ्यावर खेकसला, त्यालाही बोललो. तुझ्या दारात पोचलो तेव्हा माणसं पांगली होती. चक्कीचा पट्टा काढून खुंटीला टांगलेला. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. तिनं "या" म्हटलं नाही, "बसा" म्हटलं नाही. तुझी प्राजक्ता नागपूरहून आलेली. ती आत गेली आणि तुझा फोन घेऊन आली. माझ्यापुढे धरला.

"काका, हे तुम्हीच लिहिलं ना?"

मी मान हलवली.

"मले आधी काही समजलंच नाई. बाबांचं अन् तुमचं भांडण होतं एवढं माहीत होतं. मले वाटलं, तुमाले आनंद झाला."

भाऊ, हे वाक्य मी जन्मात विसरणार नाही. तुझी पोरगी, जिला मी लहानपणी तलावावर झिंगे दाखवले, ती बापाचं प्रेत अंगणात असताना असं समजून बसली की मोरेश्वरकाका खूश झाला. दुसऱ्या कोणाला तिनं फोन केला नाही, कारण तिला वाटलं तुझी खरी माणसं त्या ग्रुपमध्ये आहेत, तिथे एकदा टाकलं की झालं. आणि तुझ्या खऱ्या माणसांच्या ग्रुपवर तुझ्या मरणाला जागा नव्हती. ती जागा तूच ठेवली नव्हतीस. सूचनेत स्वच्छ लिहिलं होतंस, वाढदिवस नाही, श्रद्धांजली नाही. कोणी विचारलं तर म्हणायचास, माणूस मेला, मासा थोडी मेला.

त्या परीक्षेचं सांगायची मला हिंमत होईना. सांगितलं वहिनीनं. भिंतीकडे बघतच म्हणाली, "अवो, तुझे बाबा गुलाब टाकत जाय ना यायच्यासाठी. परीक्षा घेत जाय. मीच काढून देत होती आमच्या बायकाइच्या ग्रुपवरून. चांगला मोठा गुलाब दे म्हणे." आणि मग ती रडली. मी येईपर्यंत रडली नव्हती म्हणे. प्राजक्ता तिच्याजवळ जाऊन बसली. मी पायरीवर बसलो. परीक्षेचे पेपर वहिनी काढून देत होती, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. काय काय सांगितलं नाहीस तू!

छातीचंही सांगितलं नाहीस. नागपूरला नेऊन आणलं, डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलं, तू म्हणालास दिवाळीनंतर पाहू, पाणी उतरू दे. हे मला पायरीवर बसून कळलं. मी तुला विचारलं नव्हतं का? पोळ्याच्या सुमाराला फोनवर तुझा आवाज बसलेला ऐकून मी विचारलं, "भाऊ, बरं नाई का?" तू म्हणालास, "विषय काय ते बोल." मी हसलो आणि सांडव्याच्या पाण्याचं बोललो. तू माझ्याशी ग्रुपसारखा वागलास, दिवाकरभाऊ. माझ्याशी! बाकीच्यांना नियम होता हे समजू शकतो. मला का होता? तुझं दुखणं तूच विषयाबाहेर काढलंस. दुसऱ्याचं उघडून बघत नव्हतास, एक वेळ ते सोडून देतो. पण स्वतःचंही उघडू दिलं नाहीस. हा राग मी कुठे ठेवू ते समजत नाही.

निघताना प्राजक्ता म्हणाली, "तुम्ही काढला तसा तुम्हीच टाका, काका." तिनं तो फोटो मला पाठवला. तुझ्या अंगणात उभा राहून मी तो पहिल्यांदा उघडला. झेंडूच्या माळेची छापील चौकट, मध्ये तू. तो फोटो मी ओळखला. तुझ्या हातात भला मोठा रोहू होता त्या दिवशीचा. स्टुडिओवाल्यानं रोहू कापून टाकला होता. मलाही कापलं होतं, पण तुझ्या खांद्यावर माझी बोटं राहून गेली होती. मी तो ग्रुपवर टाकला. खाली काय लिहावं सुचेना, म्हणून लिहिलं, "हा मेसेज काल माझ्याकडून चुकून डिलीट झाला. भाऊ गेले." तुला जो शब्द म्हणता आला नाही तो मला सगळ्यांसमोर लिहावा लागला. तुझी चूक आणि माझी चूक, दोन्हींसाठी मीच लिहिला असं समज.

त्यानंतर जे झालं त्याचाही राग आहेच. पूर आला. भावपूर्ण, भावपूर्ण, भावपूर्ण. एकानं तुझं नाव दिनकर लिहिलं आणि पुढच्या सगळ्यांनी तेच उचलून पुढे ढकललं, म्हणजे कोणी तुला नव्हे, वरच्या मेसेजला वाहत होतं. एका पुढाऱ्याच्या माणसानं पाटी बनवून टाकली, त्यात पुढारी मोठा आणि तू कोपऱ्यात, पत्रिकेवरच्या रोहूएवढा. ग्रुपचं नाव बदलून तुझं नाव द्यावं, असं कोणी सुचवलं. मग त्याच दारातून हळूच शुभ सकाळ आत आली. मग कारल्याचा काढा. मी काही काढलं नाही. माझा हात होईना. ज्या हातानं तुझी बातमी काढली त्या हातानं तुझी श्रद्धांजली काय काढू?

आणि त्याच ढिगाऱ्यात एटापल्लीकडच्या नव्या मास्तरांनी विचारलं होतं, इथल्या बोडीचा सांडवा वाहतो आहे, पाळीवर बसलं तर चालेल का? सोबत फोटो. पाळीला खालून पाणी सुटलेलं त्या फोटोत दिसत होतं. तू असतास तर पिठाच्या बोटांनी लिहिलं असतंस, "घरी जा." मी पाहिलंच नाही. कोणीच पाहिलं नाही. मास्तरांनी वाट बघितली आणि कोणी नाही म्हणत नाही म्हणजे ठीक असेल, असं समजून ते बसले. पाळ त्यांच्याखालून घसरली. झुडूप हाताला लागलं म्हणून वर आले. पाय मुरगळला, गरीची काडी आणि सामान वाहून गेलं. संध्याकाळी त्यांनी ग्रुपवर एवढंच लिहिलं, "विचारलं होतं. बहुतेक कोणाला दिसलं नसेल." रागावलेसुद्धा नाहीत. त्यांच्या वाटचाही मीच रागावतो आहे.

म्हणजे तुझंही खरं होतं. हे लिहिताना माझे दात आवळले जातात, पण होतं. कवडूचा मेसेज तू उघडला नाहीस म्हणून एक बाई मरता मरता वाचली, आणि मी काहीच काढलं नाही म्हणून एक मास्तर बुडता बुडता वाचले. आता मी पाळीवर येऊन तुला हे सांगायला हवं होतं आणि तू "पाण्याकडं पाह्य" म्हणायला हवं होतंस. हा वाद मी एकट्यानं कसा संपवू?

तुझी तेरवी झाली, जेवणं झाली, आणि मी तुझ्या चक्कीच्या ओट्यावर फोन घेऊन बसलो. एक एक मेसेज उघडला. दिनकर लिहिणाऱ्यांचेसुद्धा उघडले. उघडायचा, वाचायचा, मग काढायचा. बरेच पोकळ होते. पण मूलच्या मास्तरांनी लिहिलं होतं की त्यांनी तो मरळीचा रस्सा शेवटी तुझ्या घरी येऊन केला आणि तू दोन वेळा भात घेतलास. भद्रावतीच्या त्या पोरीच्या बापानं पंगतीतल्या जिलबीचं लिहिलं होतं. ते वाचून जीव अडकला. तू सांगितलं होतंस तसाच अडकला. तरी काढले. प्राजक्तानं दिलेला तुझा फोटो तेवढा ठेवला. काही लोक चिडले, भाऊंची आठवणही सहन होत नाही याला, असं म्हणत ग्रुप सोडून गेले. जाऊ दे.

कवडू पत्रावळी उचलत होता. मी त्याला ओट्यावर बोलावलं.

"कवडू, ग्रुपमधी ये. ॲडमिन हो."

"मले नको गा. मले ते डिलीट करणं जमत नाई. म्या तं सारे उघडून पाहत बसीन."

"म्हणूनच पाह्यजे तू."

त्यानं तुझ्या बंद चक्कीकडे पाहिलं. मग धोतराला हात पुसून फोन पुढे केला.

तुझा नंबर मी ग्रुपमधून काढलेला नाही. प्राजक्ता म्हणते सिम बंद करणार आहे. करू दे. नाव राहील वर, ॲडमिन म्हणून. नियमही तुझाच ठेवला आहे, अक्षर न बदलता. फक्त त्याच्या आधी एक काम वाढवलं आहे, आणि ते तुला आवडलेलं नाही हे मला ठाऊक आहे. नको आवडू.

आज सकाळी वर्कशॉपमध्ये होतो. हात ग्रीसचे. कवडूचा फोन आला.

"भाऊ, एक गुलाब आला ग्रुपवर."

"उघडला?"

"उघडला. कोणी मेलं नाई."

"मंग काढ."